गोवर ‘निघण्या’आधी

(दृश्य: गोवंडीतली अरुंद गल्ली. दारात आजी, मांडीवर तापानं मलूल झालेलं मूल.)

ताप येतो, खोकला होतो; गोवर मात्र ‘निघतो’. आत दडलेलं काहीतरी कातडीवर बाहेर पडलं, असं हे क्रियापद सांगतं. म्हणून मग अंथरुणात कडुनिंबाचा पाला, आणि अंघोळ नको, गोवर आत जाईल. इंग्रजांचीही नजर कातडीवरच गेली. त्यांच्या ‘मीझल्स’चं मूळ डाग या अर्थाच्या जुन्या शब्दाकडे जातं.

खरं तर हा विषाणू शिरतो श्वासातून. रोगी खोलीतून उठून गेला तरी दोन तासांपर्यंत तो तिथल्या हवेत टिकू शकतो.

(दृश्य: टॉर्चच्या उजेडात उघडलेलं छोटं तोंड.)

पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आत, दाढांसमोर बघायचं. लाल झालेल्या भागावर मिठाच्या कणांएवढे पांढुरके ठिपके. हे कॉप्लिकचे ठिपके. एव्हाना मूल इतरांना आजार देऊ लागलेलं असतं. पुरळाच्या साधारण चार दिवस आधीपासूनच. म्हणजे आजी ‘निघाला’ म्हणते, तोवर तो शेजारी पोचलेलासुद्धा असतो.

(दृश्य: समुद्र, धुकं, दूरवर बेटं.)

गोवराच्या दिवसांचा हिशेब मांडला पीटर पानुम या पंचविशीतल्या डॅनिश डॉक्टरनं, १८४६ साली, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर. जेमतेम पावणेआठ हजार वस्ती, त्यातले सहा हजारांच्या आसपास आजारी. गावं एकमेकांपासून तुटलेली, त्यामुळे कुठली होडी कधी लागली हे लोकांच्या लक्षात. पानुम तारखा जुळवत गेला: संसर्गानंतर साधारण चौदाव्या दिवशी पुरळ. आणखी एक गोष्ट त्याला दिसली. १७८१च्या साथीत गोवर येऊन गेलेले म्हातारे या वेळी ठणठणीत होते. पासष्ट वर्षांनीही!

मात्र स्वतःची ही पक्की आठवण ठेवून जाणारा गोवर शरीराला इतर रोगांची झालेली ओळख बरीचशी पुसून टाकतो. पुरळ मावळलं, ‘गोवर गेला’ म्हणून घर निवांत झालं, की न्यूमोनिया नाहीतर जुलाब गाठतात.

(दृश्य: लसीकरणाचं कार्ड, ओळींवर फिरणारं बोट.)

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. २०२२च्या अखेरीस मुंबईत साथ पसरली, तेव्हा जास्त लागण असलेल्या वस्त्यांत सहा महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस द्यायचं ठरलं. कार्डावर त्या डोसासाठी छापील रकाना नव्हता.