डीपी का जळते?

[दृश्य: रात्र. परभणी जिल्ह्यातलं एक शिवार. दोन खांबांवर बसवलेली डीपी. बारीक घुमणारा आवाज.]

निवेदन:
रब्बीचा हंगाम. हरभरा घाट्यात आलाय, गव्हाला पाणी हवंय, आणि या आठवड्यात फीडरला, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या लाईनला, रात्रीची पाळी आहे. लाईट येते आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. विहिरीवर कुणीच नाही. प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला आहे. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळते ती बहुतेक वेळा अशाच काही सेकंदांच्या माऱ्याने, महिनोन् महिने तो सोसून.

[दृश्य: दुरुस्तीचं वर्कशॉप. तेलाच्या टाकीतून वर काढलेला गाभा.]

ही डीपी आतून अशी असते. पातळ पोलादी पत्र्यांची थप्पी, म्हणजे गाभा. त्याच्या तीन पायांवर तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गुंडाळ्या. बाहेरची गुंडाळी बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. तिला 11 हजार व्होल्ट मिळतात. आतली जाड आणि कमी वेढ्यांची. तिच्यातून 433 व्होल्ट निघतात. या दोन गुंडाळ्या कुठेही एकमेकींना जोडलेल्या नाहीत. बाहेरच्या गुंडाळीतला प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो, त्याबरोबर गाभ्यातलं चुंबकत्व बदलतं, आणि त्या बदलामुळे आतल्या गुंडाळीत वीज उभी राहते. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलेलं हे तत्त्व. आपण ऐकतो तो आवाज गाभ्याच्या पत्र्यांचा. चुंबकत्वामुळे ते सेकंदाला 100 वेळा किंचित ताणतात आणि आखडतात.

एवढा दाब, म्हणजे व्होल्टेज, आधी वाढवायचा आणि मग उतरवायचा कशासाठी? परळीच्या औष्णिक केंद्रातून वीज 220 किलोव्होल्टने बाहेर पडते. दाब जास्त म्हणजे तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह निम्मा केला की नुकसान पाव होतं. (याच परळीचं केंद्र 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. इथे पाण्याला वीज लागते आणि विजेला पाणी.)

आता हिशेब. 100 केव्हीए क्षमतेची डीपी पूर्ण भाराला वरच्या बाजूने सव्वापाच अँपिअर घेते आणि खाली 133 अँपिअर देते. 5 एचपीची मोटार पाणी ओढताना साधारण साडेसात अँपिअर घेते. अशा 16 मोटारींचे होतात 120. म्हणजे डीपी नियमात आहे, ओव्हरलोड नाही. मग ती जळते का?

[दृश्य: उघडलेली मोटार. स्टेटर आणि रोटर शेजारी शेजारी.]

कारण मोटारसुद्धा एक डीपीच आहे, फक्त तिची दुसरी गुंडाळी फिरू शकते. स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाच्या, तीन फेजमुळे आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि ते रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, पट्ट्यांत वीज उभी करून त्याला मागे ओढत नेतं. रोटर वेगात आला की क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगात थोडाच फरक उरतो, म्हणून प्रवाह कमी. पण मोटार थांबलेली असते तेव्हा फरक पूर्ण असतो, आणि रोटरच्या पट्ट्या तर दोन्ही टोकांना एकमेकींत जोडलेल्या. म्हणजे थेट शॉर्ट केलेली डीपी. म्हणूनच सुरू होताना मोटार सहापट प्रवाह ओढते. एका मोटारीचे 45 अँपिअर, सोळा मोटारींचे 720.

प्रत्यक्षात 720 पर्यंत जात नाही, कारण त्याआधीच दाब कोसळतो. आणि खरं दुखणं तिथेच सुरू होतं. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गावर ठरतो. 415 चे 300 व्होल्ट झाले की जोर जवळजवळ निम्मा. मोटार घुमते, पण वेग घेत नाही. दोन सेकंदांत उरकायचं काम लांबत जातं आणि तेवढा वेळ प्रवाह कित्येक पट राहतो. प्रवाह चौपट झाला की गुंडाळीत उष्णता सोळापट, आणि दोन गुंडाळ्यांना एकमेकींपासून ढकलणारं बलही सोळापट. दर लाईटला हा धक्का बसतो. गुंडाळ्या सैल होतात, त्यांच्यावरचा कागद करपतो. तेल गळून कमी झालेलं असेल, तर उष्णता बाहेर न्यायलाही कुणी नाही. मग एका रात्री दोन वेढे एकमेकांना टेकतात.

[दृश्य: ब्रीदरची काच. आत गुलाबी पडलेले खडे.]

डीपीच्या टाकीत हवा येते ती या ब्रीदरमधून. हे खडे निळे असायला हवेत. गुलाबी झाले म्हणजे त्यांची दमट हवा शोषायची ताकद संपली आणि ओल आता तेलात उतरतेय.

फ्यूजमध्ये जाड तार कोंबली की शेवटचं संरक्षणही जातं. एक फेज गेलेला असताना मोटार दोन फेजवर चालत राहिली तर ती जळणारच. स्टार्टरमधला प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारा भाग, बायपास करू नका, एवढं सांगून पुढे जातो.

कॅपॅसिटरबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. मोटारीला चुंबकत्व उभं करायला जो जादा प्रवाह लागतो, तो कॅपॅसिटर जागेवरच पुरवतो. 5 एचपीला 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला, तर डीपीवरून येणारा प्रवाह सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरतो.

आणि ऑटो स्विचचं काय? तो लावणाऱ्या शेतकऱ्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. रात्री बारा वाजता, पायाखाली साप असू शकतो अशा बांधावरून, फक्त एक बटण दाबायला कुणी का जावं? दिवसा लाईट मिळायला हवी, ही मागणी रास्तच आहे. ती मिळेपर्यंत ऑटो स्विचला टायमर जोडता येतो. पहिली मोटार लगेच, दुसरी 20 सेकंदांनी, तिसरी 40 सेकंदांनी. सोळावी मोटार पाच मिनिटांनी उचलते. तेव्हा पंधरा चालू मोटारींचे 112 आणि तिचे 45, मिळून 157 अँपिअर, तेही दोन-तीन सेकंद. 100 केव्हीएची डीपी एवढं सहज सोसते.

त्यासाठी सोळाही जणांनी एकदा पारावर बसून क्रम ठरवावा लागतो, आणि आपापला आकडा स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवावा लागतो. जळलेली मोटार भरून, म्हणजे नव्या तारेने गुंडाळून, आणली की टायमर पुन्हा त्याच आकड्यावर लावायचा.