उसात पडलेलं विमान आणि मिरजेचा तिरका जोड

मागच्यांनी पुढं या, माइकचा आज भरवसा नाही, आणि भडंग शेवटी आहे तेव्हा कुणी उठू नका. विषय दिलाय आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचे मोडलेले पंख कसे नीट करायचे, बाल्सा नावाचं हलकं लाकूड आणि फोम दोन्ही, पण माझ्या पोटात बरीच वर्षं एक गोष्ट आहे ती आधी सांगतो. मोडलेल्या जागी भरपूर माल थापला की पंख मजबूत होतो ही समजूत साफ चुकीची आहे.

माझं पहिलं बाल्साचं विमान, दीड मीटर पंखांचं, कवलापूरच्या बाजूला उसात गेलं. उसात गेलं म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको, डोक्याच्या वर ऊस, पाचटानं हात सोलून निघालेले, अडीच तासांनी सापडलं तर उजव्या पंखाचा स्पार, म्हणजे पंख पेलणारी आतली लांब काठी, तुटलेला. एका दुकानात दुरुस्तीला दिलं, त्यांनी वरून खालून प्लायच्या पट्ट्या मारून इपॉक्सी गोंद ओतून पंख नुसता दगड करून दिला. तिसऱ्या फ्लाइटला लूप, म्हणजे हवेत उभी गोल गिरकी, मारली आणि पंख परत गेला, पण जोडात नाही हो, पट्टी जिथं संपते बरोब्बर तिथं! त्या रात्री मला झोप नाही.

पुढं मिरजेला कामाला गेलो होतो, सतारमेकर गल्लीत एक मिस्त्री सतारीची तुटलेली दांडी जोडत होते, दोन्ही टोकं लांबच लांब तिरकी तासून. म्हटलं काका, सरळ कापून चिकटवलं तर? म्हणाले, "कापलेलं तोंड सरस पिऊन टाकतंय, धरत नाही. तिरकं घ्या, लाकडाच्या रेषेला रेष भेटली पाहिजे." २०२४ साली मिरजेच्या सतारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा मला पहिल्यांदा ते काका आठवले.

उडताना पंख वर वाकतो, वरच्या स्पारवर दाब, खालच्यावर ताण. कडक पट्टी वाकत नाही, शेजारचा बाल्सा वाकतो, मग कडकपणा एकदम संपतो तिथंच सगळा जोर गोळा होतो. म्हणून स्पार ६ मिलीमीटरचा असेल तर तिरक्या जोडाचा उतार ६० मिलीमीटरचा घ्या, एकास दहा, फेविकॉल लावून रात्रभर चिमट्यात. पट्टी लावायचीच तर टोकं निमुळती करा, आणि वरची-खालची पट्टी एकाच रेषेत संपवू नका. वरच्या-खालच्या स्पारना जोडणाऱ्या पातळ फळीच्या, म्हणजे वेबच्या, लाकडी रेषा उभ्याच हव्यात, आडव्या लावलेल्या बघितल्या की जीव हळहळतो.

पाचच मिनिटं? बरं, फोम पटकन घेतो. थर्माकोलला साधा सीए, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, लावू नका, तो थर्माकोल खातो, फोम-सेफ घ्या नाहीतर इपॉक्सी. ईपीओ, म्हणजे थर्माकोलपेक्षा चिवट फोम, चेपला असेल तर गरम पाणी ओता, बराचसा फुगून येतो. तुटलाच तर खाच पाडून कार्बन रॉड बसवा, भेगेच्या दोन्हीकडं लांबवर जाऊ दे. बाल्साच्या पंखावर फिल्म, म्हणजे वरचं पातळ प्लॅस्टिकचं आवरण, ताणताना पीळ पडतो, मागून डोळा लावून बघा. शेवटी विमान नाकाला आणि शेपटीला धरून उचला, दुरुस्त केलेली बाजू झुकली तर दुसऱ्या पंखाच्या टोकाला थोडं वजन चिकटवा, आणि सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथं साधतो ती जागा, परत तपासल्याशिवाय उडवू नका.

तो उसातला पंख टेबलावर ठेवलाय, तिरका जोड करून अजून उडतोय. खालून बोट फिरवून जोड कुठं लागतो ते बघा, फक्त फिल्मला नख लावू नका.