‘सारखा’ हा शब्द कुठं गेला?

[दृश्य : पूर्व भागातली गल्ली, रात्र. एका शेडमधून लूमचा खटखट आवाज. माणूस दिसत नाही.]

हा आवाज ओळखीचा वाटला ना? सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला याच आवाजात झोप लागते, बंद पडला तर उलट जाग येते. गोष्ट इथूनच सुरू करतोय, कारण आपला साक्षीदार आत्ता याच आवाजातून बाहेर पडलाय, रात्रीचे साडेबारा झालेत, कान सुन्न, डोळ्यात सुताचा बारीक कचरा, आणि डोक्यात एकच की घरी जाऊन आडवं व्हायचं.

आधीच सांगून टाकतो, हे प्रकरण आम्ही मांडलेलं आहे. कुणा एका माणसाचं नाही, शोधायला जाऊ नका. पण यातला एकेक तुकडा खरा आहे, ज्यांनी सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात डबा घेऊन चार-सहा तारखा काढल्यात त्यांना तो लगेच ओळखू येईल.

तर गल्लीच्या तोंडाशी भांडण झालं, एकजण पडला, एकजण पळाला. आपल्या माणसानं पळणारा बघितला. किती वेळ? तीन-चार सेकंद म्हणा. तेही निम्मा वेळ नजर त्याच्या हातातल्या चाकूवर, कारण समोर चाकू असला की माणूस तोंड बघत नाही, चाकू बघतो, तुम्ही मी कुणीही. पोलीस आल्यावर तो म्हणाला, "साहेब, चौथ्या गाळ्यातल्या पोरासारखा दिसला की ओ."

सारखा. हा शब्द तेवढा धरून ठेवा.

फिर्याद यानंच दिली, लिहून झाली, त्यात ‘मुलासारखा दिसणारा इसम’ असं आलं. इथपर्यंत ठीक. मग आठ दिवसांनी पुरवणी जबाब झाला. मधल्या आठ दिवसांत त्या पोराला उचललेलं होतं, चहाच्या टपरीवर निकाल लागलेला होता, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरून आला होता, खाली लोकांचे हात जोडलेले आणि रागावलेले इमोजी. पुरवणी जबाबात वाक्य काय आलं बघा. "सदर इसम हा चौथ्या गाळ्यात काम करणारा मुलगा असल्याचे मी ओळखले."

सारखा गेला.

[दृश्य : दोन कागद शेजारी शेजारी. कॅमेरा एकावरून दुसऱ्यावर.]

आता आपल्याला लगेच वाटतं पोलिसांनी मुद्दाम काढला. काढलाही असेल, नाही कोण म्हणतंय. पण सोलापुरात याची अजून एक वाट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हा माणूस घरी तेलुगू बोलतो. कामावर बोलतो ते आपलं सोलापुरी मराठी, मी बघितलो, मी खाल्लो, मी सांगितलो, पुण्याचा माणूस हसतो, हसू दे. शेजारचा कन्नड बोलतो, पलीकडचा दखनी. आणि ठाण्यात लिहिणारा लिहितो कागदाचं मराठी, ज्यात सगळं सोलापूर ‘मोलमजुरी करून वरील ठिकाणी राहण्यास’ असतं आणि प्रत्येकजण ‘समक्ष पाहिले’ म्हणतो. माणूस अडखळत बोलतो, बहुतेक, वाटतंय, असंल, तसाच होता जणू... लिहिताना हे अडखळणं पहिलं जातं कारण ते वाक्यात बसत नाही. शुद्धलेखन सुधारता सुधारता साक्षच सुधारून निघते.

आणि मग पुढची गंमत, म्हणजे गंमत कसली, पण तो साक्षीदार स्वतःच तो शब्द विसरतो. खोटं बोलत नाही तो. त्याला आता खरंच तोच पोरगा दिसतो.

1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एक साधा प्रयोग केला होता. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि स्पीड विचारला. काहींना विचारलं गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा स्पीड किती होता, काहींना विचारलं ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती. आठवड्यानं परत बोलावून विचारलं, फुटलेली काच बघितली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. चक्काचूरवाल्या 50 जणांपैकी 16 जण म्हणाले हो बघितली, धडकल्यावाल्या 50 मधले 7. एवढंच, एक शब्द बदलला आणि दुपटीहून जास्त माणसांनी नसलेली काच बघितली. आणि तिथं कुणी मेलं नव्हतं, कुणाच्या हातात चाकू नव्हता, ग्रुपवर फोटो फिरला नव्हता.

[दृश्य : कोर्टाबाहेरची बाकडी, काळे कोट, टायपिंगची टेबलं.]

केस उभी राहते तेव्हा घटनेला दोन-अडीच वर्षं झालेली असतात. साक्षीदार पिंजऱ्यात, सरकारी वकील विचारतात, ज्याला बघितलं तो इथं हजर आहे का? अहो, आरोपीच्या जागी एकच पोरगा बसलाय, शेजारी पोलीस. दुसरं कुणाकडं बोट करणार तो? "हाच तो." टाइप झालं.

यासाठीच तर ओळखपरेड असते. आरोपी अनोळखी किंवा अर्धवट ओळखीचा असला की एका आरोपीबरोबर त्याच्यासारख्या अंगकाठीची निदान सहा माणसं उभी करायची, असं आपल्याकडं हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्येच आहे, आणि परेड होईपर्यंत आरोपी साक्षीदाराच्या नजरेस पडायला नको. आमच्या मांडलेल्या केसमध्ये परेड झालीच नाही, का, तर म्हणे आधीपासून ओळखीचा होता. किती ओळखीचा? दोनदा बघितलेला, एकदा तंबाखू मागितली होती. आणि झाली असती तरी फोटो आधीच मोबाईलमध्ये आलेला. परेडला काय अर्थ राहिला?

निकाल लागला, जन्मठेप. खुनाचं कलम 302, आता नव्या कायद्यात ते 103 झालंय. पोरगं 24 वर्षांचं.

आता अपील. इथं घरच्यांचा एक मोठा गैरसमज असतो आणि तो मोडताना वकिलालाही वाईट वाटत असणार. त्यांना वाटतं वरच्या कोर्टात सगळं परत होणार, साक्षीदाराला परत बोलावणार, मोठे साहेब त्याच्या डोळ्यात बघून विचारणार आणि तो फुटणार. तसं काही होत नाही. हायकोर्टात साक्षीदार येत नाही, कागद येतो. फिर्याद, पंचनामे, साक्षी, उलटतपासण्या, सिव्हिलच्या डॉक्टरचा पोस्टमार्टेम रिपोर्ट, सगळ्याचं एक बाड होतं, त्याला पेपरबुक म्हणतात. हायकोर्टाचं काम इंग्रजीत, म्हणजे तेलुगूत विचार केलेलं, सोलापुरीत बोललेलं, कागदी मराठीत लिहिलेलं वाक्य आता इंग्रजीत जाऊन बसतं. आणि दोन न्यायमूर्ती ते पहिल्यापासून वाचतात. पुरावा नव्यानं तोलायचा पूर्ण अधिकार त्यांना आहे, खालच्या कोर्टाचं मत फक्त बघून शिक्का मारायचा असं नाही.

मुदत 60 दिवस. वकील द्यायला पैसे नसले तरी जेलमधून जेलरमार्फत अपील जातं, आणि कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज केला की झालं. आमच्याकडच्या कित्येकांना हे माहीतच नसतं, ते आधी बायकोच्या पाटल्या विकतात.

आधी या कामाला मुंबई गाठावी लागायची, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी कोर्ट, आणि नंबर लागला नाही की तसंच परत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याखाली आला. आता सांगोला, मिरज, कोल्हापूर. जवळ आलं म्हणजे नंबर लवकर लागेल असं नाही, पण निदान जायचं भाडं कमी झालं.

[दृश्य : टेबल, पिवळा दिवा, पेन्सिलीच्या खुणा असलेलं पेपरबुक.]

अपील चालवणारा वकील पहिलं काय शोधतो? ‘सारखा’ शोधतो. फिर्यादीत आहे, पुरवणीत नाही, कोर्टातल्या साक्षीत तर ‘हाच तो’. बरं, नुसता फरक असून भागत नाही. खालच्या कोर्टात उलटतपासणीत हा फरक साक्षीदाराच्या तोंडावर मारायला लागतो, तुम्ही फिर्यादीत असं सांगितलं होतं, आज असं का सांगताय, आणि त्याचं उत्तर रेकॉर्डवर यायला लागतं. त्या दिवशी वकील दुसऱ्या कोर्टात अडकला होता आणि ज्युनियरनं ‘तुम्ही खोटं बोलताय, हे म्हणणं खरं नाही’ एवढ्यावर उरकलं, तर वर गेल्यावर हात बांधले जातात. खुनाची केस कधीकधी अशा एका दुपारी हरलेली असते.

मग बाकीचं. उजेड कुठून होता? साक्षीदार म्हणतो खांबावरचा दिवा, घटनास्थळाच्या पंचनाम्यात खांबच नाही. अंतर किती? वार किती? हा म्हणतो एकदा मारलं, पोस्टमार्टेममध्ये तीन जखमा. असं एकेक. कोर्ट बारीकसारीक फरक सोडून देतं आणि सोडावेच लागतात, दोन वर्षांनी सगळं जसंच्या तसं सांगणारा साक्षीदार उलट पढवलेला वाटतो. प्रश्न मुळावर घाव घालणारा फरक कुठला, हा.

एकाच साक्षीदारावर जन्मठेप देता येते का? येते. आपल्या कायद्यात साक्षीदार मोजत नाहीत, तोलतात. 1957 च्या वडिवेलू थेवर निकालात सुप्रीम कोर्टानं साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले, पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नाही, आणि मधला. पहिला असला तर एकटा पुरे. मधला असला तर दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागतो. आमचा माणूस मधला. प्रामाणिक आहे, पण मधला. आणि टेकू शोधायला गेलं तर चाकूवर पोराच्या बोटांचे ठसे नाहीत, कपड्यावर रक्त नाही.

आता मांडलेली केस बाजूला ठेवू, घडलेली सांगतो. 2003, नाशिक जिल्हा. एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून, बलात्कार, ऐकवत नाही असं सगळं. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं वेगळीच होती. त्यांचं पुढं काय केलं याचा पत्ता नाही, पकडली गेली भटक्या जमातीतली सहा माणसं. 2009 ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, आणि मार्च 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं स्वतःचाच निकाल फिरवून सगळ्यांना निर्दोष सोडलं, वर प्रत्येकी 5 लाख द्यायला सांगितले. 16 वर्षं गेली होती. त्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. बाईनं पहिल्यांदा जे सांगितलं ते कागदावर होतं, सगळ्यांच्या नाकासमोर.

भटक्या जमातीतले म्हटल्यावर आपल्या शहराला सेटलमेंट आठवायला हवी. जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलेली माणसं, त्यांच्यावरचा तो गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला गेला. चोरासारखा दिसतो म्हणजे नक्की कसा दिसतो, हे आपल्या डोक्यात कुणी भरलं याचा विचार करा कधीतरी.

घरचे अजून एक विचारतात, साक्षीदारानंच येऊन सांगितलं की माझी चूक झाली तर? अपिलात नवा पुरावा घ्यायची तरतूद आहे. पण शिक्षेनंतर फिरलेल्या साक्षीदाराकडं कोर्ट फार संशयानं बघतं, पैसे दिले असतील किंवा दम दिला असेल हे पहिलं मनात येतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. शिवाय खोटी साक्ष दिली म्हणून त्याच्यावरच केस होऊ शकते. म्हणून तो येत नाही. गल्लीत समोरून गेला तर खाली मान घालतो. मयताची आई पण त्याच गल्लीत राहते, तिच्या दृष्टीनं खुनी आत आहे आणि तिनं कसंबसं मन घट्ट केलंय. तिला कोण सांगणार?

[दृश्य : पहाटेचं सोलापूर स्टेशन. हातात पिशवी घेतलेली बाई.]

जन्मठेपेचा कैदी बहुतेक येरवड्याला. भेटीला जायचं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस. 12 जानेवारी 1931 ला त्याच येरवड्यात स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चौघे फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, आरोप पोलिसांच्या खुनाचा. सरकारी कागदावर खुनी, आणि आपल्या चौकात त्यांचे पुतळे. मी तुलना करत नाहीये, पण या गाडीत बसलेल्या आईच्या मनात ते येत नसेल असं नाही.

पिशवीत शेंगाची चटणी असते, ती गेटवर आत जाईलच याची खात्री नसते, तरी असते. आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली निकालाची झेरॉक्स. तिला वाचता येत नाही, पण वकिलानं पेननं गोल करून दिलेली दोन पानं तिला पाठ आहेत, शेजारी कुणी शिकलेला बसला की ती उघडून दाखवते. पान 11 वर तो शब्द आहे. पान 64 वर नाही.