कुत्र्यांना स्वर्ग फुकट का?

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. 'ऑल डॉग्ज गो टू हेवन' हा कुत्र्यांचा कार्टून पिक्चर बहुतेकांनी बघितलाय, त्यामुळे स्टोरी सांगत बसत नाही. पत्रिकेत 'चार्लीचं घड्याळ आणि पाप-पुण्याचा हिशोब' असं भारदस्त काहीतरी छापलंय, तिकडे येतोच, पण आधी एक मळमळ काढून टाकतो.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत पोरांसाठी हा पिक्चर लावला होता. चार्ली आणि इची हे दोन कुत्रे डॉग पाउंडमधून, म्हणजे कुत्र्यांच्या कोंडवाड्यातून पळाले, जुगाराचा अड्डा आला, चार्लीचा भागीदार कुत्रा कारफेस याने त्याला दारू पाजली, वरून गाडी ढकलून त्याचा काटा काढला, आणि एक काका ताडकन उठले. (प्रत्येक सोसायटीत एक असतातच, इथे असतील तर माफी असावी.) "बंद करा हे! कार्टून म्हणून हे दाखवता?" मी म्हटलं काका, १९३९ चं न्यू ऑर्लीन्स आहे, तिथे काय हरिपाठ चालणार? पोरं हसली, काका अजून तापले. तेवढ्यात चार्ली मरून वर पोचला आणि ती देवदूत कुत्री त्याला सांगते की कुत्रे सगळेच स्वर्गात येतात, कारण ते मुळातच प्रेमळ आणि इमानदार. झालं! काका म्हणाले, "म्हणजे हा जुगारी फुकटात आत? आमच्या धर्मराजाला केवढा छळलाय!" मी म्हटलं धर्मराजाबरोबरचा कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता, वेष बदललेला साहेब, त्याला गेटवर कोण अडवणार? चार्लीकडे तसला काही वशिला नव्हता. काका बसले, पण तोंड वाकडं करूनच.

हां, आणि जाता जाता, पिक्चरचा दिग्दर्शक डॉन ब्लूथ १९७९ ला डिस्नीतून बाहेर पडला, हा पिक्चर डब्लिनच्या स्टुडिओत केला आणि अमेरिकेत लावला कधी, तर १७ नोव्हेंबर १९८९, म्हणजे नेमका डिस्नीच्या 'लिटल मर्मेड'च्याच दिवशी. काय बोलणार. पिक्चरमधल्या अनाथ पोरीचा, अ‍ॅन-मेरीचा आवाज ज्या ज्युडिथ बार्सीचा, ती दहा वर्षांची पोर तर पिक्चर लागायच्या आधीच, १९८८ मध्ये, बापाच्या हातून गेली, त्यामुळे शेवटचा निरोपाचा सीन मला आजही धड बघवत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुद्दा पळवावा लागणार.

तर काकांची शंका रास्त आहे. स्वर्ग जन्मानेच मिळत असेल तर गोष्टीत भीती कशाची? म्हणून ब्लूथ घड्याळ आणतो. चार्लीला स्वर्ग बोअर होतो, तो स्वतःच्या आयुष्याचं थांबलेलं घड्याळ चोरून चावी देतो, खाली येतो, आणि त्याला बजावलं जातं की आता परत यायचं नाही. म्हणजे फुकटचा स्वर्ग त्याने हातानेच घालवला. पुढे चार्लीच्या स्वप्नातला तो नरकाचा सीन, ज्याला पालक नावं ठेवतात, तो नसता तर शेवटाला वजनच आलं नसतं. घड्याळ पाण्यात, पोर पाण्यात, चार्ली पोरीला वाचवतो, घड्याळात पाणी जाऊन ते बंद पडतं, आणि जीव दिला म्हणून दार पुन्हा उघडतं. पहिल्यांदा मिळालं ते जातीवर, दुसऱ्यांदा करणीवर.

एवढं छान जुळवलं आणि मग शेवटी कारफेस, चार्लीचा खुनी, तोही वर हजर! मगरीने खाल्ला की स्वर्ग. आल्या आल्या हाही घड्याळ पळवतो, मागून तीच ओरड, परत येता येणार नाही म्हणून, आणि चार्ली आरामात म्हणतो, येईल येईल. आता मला सांगा, मघाचा कडक नियम नक्की कुणासाठी होता? काकांनी हाच प्रश्न विचारला, मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत बसलो.