धर्मग्रंथ आणि सरकारी शाळेचा वर्ग
(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

शाळेत धर्मग्रंथ सक्तीचा करा, ही मागणी आपल्याकडे दर थोड्या दिवसांनी डोके वर काढते. २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीता आणण्याची घोषणा केली. २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय पाठ करण्याचा उल्लेख आला आणि वर्तमानपत्रे तापली. मग विषय मागे पडला. असा विषय मागे पडलेला असतानाच त्यावर बोलायला हवे, म्हणून मी तो आज घेतला आहे.

माझे मत आधी सांगून टाकतो. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत कोणत्याही धर्माचा ग्रंथ सक्तीने वाचायला लावू नये. पण धर्मग्रंथांना शाळेची दारेही बंद करू नयेत. त्यांचा अभ्यास व्हावा, अगदी मन लावून व्हावा. मात्र जिथे प्रश्न विचारता येतो, असहमत होता येते आणि तरी मार्क कापले जात नाहीत, अशाच रीतीने व्हावा.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. संविधानाचा अनुच्छेद २८ सांगतो की, पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. आपली जिल्हा परिषदेची शाळा, महापालिकेची शाळा यात आली. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी शाळेत असे शिक्षण असले, तरी कुणाला त्यात संमतीशिवाय ओढता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. यावरचा एक महत्त्वाचा निवाडा आपल्या नाशिकमधल्या प्रकरणातला आहे. इथल्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. त्यावरून त्याची वेतनवाढ अडली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. पगार घेणाऱ्या जाणत्या माणसालाही ज्यासाठी कोर्टात जावे लागले, ते आठ वर्षांच्या मुलाने कुणाच्या जोरावर म्हणायचे?

७ डिसेंबर १९४८ रोजी या अनुच्छेदावर संविधान सभेत चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे त्या दिवसाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या शाळेत एका धर्माची शिकवण कशी द्यायची, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा त्याहून सडेतोड: प्रत्येक धर्म मोक्षाचा खरा मार्ग आपलाच असे सांगतो; हे सगळे एका शाळेत शिकवायला घेतले तर शांतता राहायची कशी? पण त्याच उत्तरात त्यांनी हेही स्पष्ट केले की धार्मिक शिक्षण वेगळे आणि धर्माचा अभ्यास किंवा संशोधन वेगळे. बंदी पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ मध्ये गुरू नानकांच्या विचारांच्या अभ्यासाबाबत आणि पुन्हा २००२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबाबत हीच रेघ मान्य केली.

सक्तीची बाजू घेणारे सगळे कट्टर असतात, असे मी मानत नाही. मुलांना आपली परंपरा ठाऊक नाही, मूल्ये सुटत चालली आहेत, हे म्हणणाऱ्या पालकाची तळमळ खरी असते. आपले शंकरराव चव्हाण हे नेहरूंच्या काळात घडलेले काँग्रेसचे नेते. त्यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीनेही १९९९ मध्ये सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना कळावीत, असे सुचवले होते. माझे म्हणणे एवढेच की सक्तीने हे हेतू साधत नाहीत. उलट ग्रंथाचेच नुकसान होते. ते कसे, हे मला जरा सविस्तर सांगायचे आहे.

गीताच घ्या. ती मला फार प्रिय आहे. शंकराचार्यांना तिच्यात ज्ञान आणि संन्यास दिसला. ज्ञानदेवांनी नेवाशात ती मराठीत आणली, तेव्हा तिला भक्तीचा ओलावा आला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात तिच्यातून कर्मयोग काढला; गांधीजींना तिच्यात अनासक्ती आणि अहिंसा सापडली. इथून जवळच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी कैद्यांपुढे तिच्यावर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. बाबासाहेबांनी तिची कठोर चिकित्सा केली. यातली कोणती गीता शासननिर्णयात बसवणार? सक्तीच्या विषयाला परीक्षा आली, परीक्षेला आदर्श उत्तर आले, आणि आदर्श उत्तर एकच असते. ‘गाळलेल्या जागा भरा : कर्मण्येवाधिकारस्ते मा ....... कदाचन.’ मूल ‘फलेषु’ लिहील, एक मार्क मिळवील आणि पुढच्या प्रश्नाकडे वळेल. तिकडे गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. ‘यथेच्छसि तथा कुरु.’ रणांगणावर समोर सैन्य उभे असताना अर्जुनाला जी मोकळीक दिली, ती सहावीतल्या मुलीला नाकारायची आणि त्याला गीता शिकवणे म्हणायचे, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ती या चर्चेत कधी येतच नाही. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आहेत. तिथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी मुलांच्या घरी धर्म आहे, पण धर्मग्रंथ नाही. तिथे डोंगऱ्यादेवाचा उत्सव आहे, वाघबारस आहे, कणसरी या धान्यदेवतेची कथा आहे. ती कथा ऐकायची तर रात्रभर बसावे लागते. थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी करतात. सांगणारा त्या काडीवरून बोटे खाली ओढत राहतो, थाळी घुमत राहते आणि त्या घुमण्यावर कथा पुढे सरकते. कुठे पुस्तक उघडत नाही, पान उलटत नाही. सर्व धर्मांचे ग्रंथ समान मानाने ठेवू, असे आपण मोठ्या मनाने म्हणतो, तेव्हाही या मुलाच्या नावाची जागा मोकळीच राहते. वर्गात इतरांचे ग्रंथ मोठ्याने वाचले जातात आणि त्याला कळते ते इतकेच की आपल्याकडे ‘तसे काही नाही’. आश्रमशाळेत शिकून वर आलेल्या कितीतरी जणांच्या तोंडून मी ही खंत ऐकली आहे.

‘नको असेल त्याने बाहेर थांबावे’ ही पळवाटही तपासून पाहू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात कायदा होता : रोज सकाळी शाळेत बायबलमधल्या किमान दहा ओव्या वाचायच्या, आणि त्यावर भाष्य करायचे नाही. भाष्य नाही, म्हणजे चर्चा नाही, नुसते ऐकायचे. १९५६ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाने निषेध म्हणून त्या वेळात कुराण उघडून मनात वाचायला घेतले. खटला पुढे गेला. दरम्यान कायद्यात सूट आली : पालकांनी चिठ्ठी दिली तर मुलाला वगळू. त्या मुलाच्या वडिलांनी न्यायालयात सांगितले की ही सूट त्यांना नको. मुले व्हरांड्यात उभी राहतील आणि येणारा-जाणारा समजेल की काही आगळीक केली म्हणून बाहेर काढलंय. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वाचन घटनाबाह्य ठरवले आणि त्याच निकालात साहित्य व इतिहास म्हणून बायबलच्या अभ्यासाला मोकळीक ठेवली. त्याच राज्यात, फिलाडेल्फिया शहरात १८४४ मध्ये शाळेत बायबलची कोणती प्रत वाचायची, यावरून प्रोटेस्टंट आणि कॅथलिकांत दंगली पेटल्या, माणसे मेली, चर्च जळाली. धर्म एकच, येशू एकच. सक्ती आली की भांडण दुसऱ्या धर्माशी होते असे समजू नका. ते घरातही पेटते.

आणि नाशिककरांना हे मी काय सांगावे? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आत जाऊ द्या, एवढीच मागणी होती आणि ती वर्षानुवर्षे धुडकावली गेली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. प्रवेशाचा हक्क आणि सोडून जाण्याचा हक्क, दोन्ही एकाच माणसाने एकाच जिल्ह्यात बजावले. जोतीरावांनी त्याच्याही आधी असे कुटुंब रंगवले होते, ज्यात नवरा, बायको, मुलगा, मुलगी वेगवेगळ्या धर्मांचे असूनही प्रेमाने एका घरात नांदतात. सरकारी शाळा त्या घरासारखी असावी, असे मला वाटते.

मला नेहमी विचारतात, मग पसायदानाचे काय? परिपाठाच्या शेवटी ते असंख्य शाळांत म्हटले जाते. मला ते ऐकताना आजही भरून येते. तरी सांगतो : मराठीच्या तासाला ते जरूर शिकवा, ‘दुरितांचें तिमिर जावो’ म्हणजे काय यावर अर्धा तास बोला. परिपाठात एखादे मूल गप्प उभे राहिले, तर त्याला कारण विचारू नका, आणि शिपायाकरवी पालकांना निरोप तर मुळीच धाडू नका. जे स्वतः सर्व प्राणिमात्रांसाठी मागणे मागते, ते म्हणवून घेण्यासाठी छडी कशाला लागावी?

शिकवायचे कसे, याचा नमुना आपल्याला शहराबाहेर पडलो की सापडतो. पांडवलेण्यांत मुलांना घेऊन जा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, ब्राह्मण म्हणून अभिमानाने गौरव करते, आणि ते लेणे बौद्ध भिक्षूंना दान देते. मुलांना तिथेच खाली बसवा, लेखाचा मराठी अर्थ वाचून दाखवा. कुणीतरी विचारेलच की, त्यांचा धर्म वेगळा होता तर मग दिले कशाला? लगेच उत्तर देऊ नका. त्यांना आपसात वाद घालू द्या. परत आल्यावर चाचणीत प्रश्न टाका : ‘या दानामागे काय कारणे असतील? तुमचे मत लिहा.’ श्रद्धेचे कारण लिहिणाऱ्याला गुण द्या, राजकारणाचे कारण लिहिणाऱ्यालाही द्या, आणि जिने दोन्ही लिहून वर स्वतःची एक शंका विचारली, तिला पैकीच्या पैकी द्या.