मालकाचं नाव काय?

मृग तोंडावर आला असताना बी-बियाण्याची धावपळ टाकून तुम्ही वाचनालयात आलात, म्हणून आधी नमस्कार. विषय आहे, मालकानं मजुराच्या जिवावर काढलेला विमा आणि त्यासाठी हवा असलेला कायदा. कायद्याकडे येतोच, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

तरुणपणी मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये खातेवही लिहायचो. दिवसभर सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर, नाकातोंडात रुई. तिथं गाठी लोटणारा एक हमाल होता. 170 किलोची गाठ, पण गडी कधी कुरकुरला नाही. पोळ्याच्या आठवड्यात काविळीनं गेला. मालकानं तेरवीला दहा हजार दिले, गावात वाहवा झाली. दोन महिन्यांनी विम्याचा एक लाखाचा चेक आला आणि मालकाच्या खात्यात जमा झाला.

कुणीतरी हमालाच्या बायकोच्या कानावर घातलं. ती विमा कचेरीत गेली. बाबूनं विचारलं, “मालकाचं नाव काय?” तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. आपल्याकडे नवराही मालकच! हसा, तेव्हा आम्हीही हसलो होतो. बाबू म्हणाला, या नावाची पॉलिसी नाही. बाई जिनिंगच्या फाटकाशी येऊन मला म्हणाली, “माह्या माणसाच्या जिवावर पैसा आला, अन् मलेच मालूम नाही?” जमेची ती नोंद माझ्या अक्षरात होती. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला अजून सलतं.

आणि हमालाचं नाव निदान विम्याच्या यादीत तरी होतं. आपल्या सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, काय? पाडव्याला साल ठरतं तेव्हा पैसे ठरतात, ज्वारी-गहू ठरतो. जिवाचं काही ठरत नाही. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यांत मजूरही होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. आता भराभर सांगतो.

ज्याच्या जगण्यात आपलं हित नाही त्याच्या जिवावर विमा काढायचा नाही, हा कायदा इंग्लंडनं 1774 मध्येच केला. अमेरिकेत बड्या कंपन्यांनी साध्या कामगारांचे विमे काढून पैसे स्वतःकडे घेतले. लोक त्याला ‘मेलेल्या कुळांचा विमा’ म्हणू लागले. 2006 च्या कायद्यानं तिथं पॉलिसीआधी कामगाराला लेखी सूचना, रकमेची माहिती आणि त्याची लेखी संमती आवश्यक झाली; नाहीतर मिळालेल्या रकमेवरची करसवलत जाते.

आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीला जोडलेला विमा आहे, कमाल सात लाखांचा, आणि तो वारसालाच मिळतो. पण समूह विम्याचा करार मालक आणि कंपनीत होतो, मजूर फक्त यादीत. म्हणून माझी मागणी: संमतीचा कागद मराठीत असावा आणि अंगठ्याआधी मोठ्यानं वाचून दाखवावा. मोक्याचा माणूस गेल्यानं धंद्याचं खरंच नुकसान होत असेल तर मालकानं तेवढाच विमा घ्यावा. हमालाच्या, शिपायाच्या विम्याची सगळी रक्कम घरच्यांची. काम सुटलं की मालकाचा हक्क संपावा. आणि चेक निघाला की त्याचं पत्र मजुराच्या घरी जावं, जिनिंगच्या पत्त्यावर नाही.

दुसरी चिठ्ठी आली. ज्यांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जातात त्यांनी बाहेर पायरीवर थांबा, शेवटच्या एसटीला अजून अर्धा तास आहे.