फी भरायची कुणी? ओबाफेमी अवोलोवो यांचं राजकारण

[दृश्य: १०० नायराची नोट. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ.]

ही नायजेरियाची १०० नायराची नोट. तिच्यावरचा चेहरा नीट पाहा. गोल काचांचा चष्मा आणि डोक्यावर नैर्ऋत्येतल्या योरुबा लोकांच्या धाटणीची टोपी. या टोपीला तिकडे आजही ‘अवो टोपी’ म्हणतात. हे ओबाफेमी अवोलोवो. ते देशाचे पंतप्रधान झाले नाहीत, अध्यक्षही झाले नाहीत. तरी नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आजचा कुठलाही पुढारी मत मागायला निघाला, की त्याला अवोलोवोंचं नाव घ्यावंच लागतं.

[दृश्य: इकेन्ने गाव, लाल मातीचा रस्ता.]

इकेन्ने गावात ६ मार्च १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शेती करायचे, झाडं कापून लाकडाच्या फळ्या पाडायचे. १९२० मध्ये वडील गेले आणि शाळेची फी भरणारं घरात कुणी उरलं नाही. पोरानं लोकांकडे पडेल ती कामं केली आणि स्वतःची फी स्वतः भरली. पुढे शिक्षक, लघुलेखक, बातमीदार, मालाचा व्यापारी असं सगळं करून झालं. व्यापारात कर्जबाजारीही झाले. पस्तिशीत लंडन गाठलं आणि १९४६ साली बॅरिस्टर झाले. त्यांचं पुढचं राजकारण समजून घ्यायचं तर फीसाठी राबणारा तो मुलगा विसरून चालणार नाही.

१९४७ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी रोखठोक मांडलं, की नायजेरिया हे राष्ट्र नाही, नकाशावरचं नाव आहे. इथे भाषा अनेक, रीतीभाती अनेक. म्हणून प्रत्येक समूहाला आपला कारभार आपल्या हाती हवा आणि वर संघराज्य हवं. ही भूमिका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १९५१ मध्ये त्यांनी ‘ॲक्शन ग्रुप’ हा पक्ष काढला. निशाणी होती ताडाचं झाड.

[दृश्य: कोकोच्या शेंगा फोडणारे हात, उन्हात वाळत घातलेल्या बिया.]

इबादान ही तेव्हाच्या पश्चिम विभागाची राजधानी. या भागाचा पैसा म्हणजे कोको. सत्ता हाती आल्यावर १९५२ मध्येच अवोलोवो सरकारनं जाहीर केलं, की प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण मोफत. ऐकायला गोड. पण पैसा आणायचा कुठून? सरकारनं शिक्षण आणि आरोग्यासाठी माणशी कर बसवला. लोक भडकले. शेतात हाताशी येणारी पोरं शाळेत घालायची आणि वर करही भरायचा? १९५४ च्या केंद्रीय निवडणुकीत अवोलोवोंच्या स्वतःच्या विभागात विरोधकांनी त्यांच्यापेक्षा जास्त जागा जिंकल्या.

दुसरा एखादा पुढारी इथे माघारी फिरला असता. अवोलोवो फिरले नाहीत. मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटतो, तो इथून सुरू होतो.

[दृश्य: शाळेच्या पटांगणात मुलांची रांग.]

जानेवारी १९५५ मध्ये शाळा उघडल्या. गावोगाव मुलांच्या रांगा लागल्या. मूल सहा वर्षांचं आहे की नाही, हे ठरवायचं कसं? जन्मदाखला कुणाकडेच नव्हता. मग गुरुजी सांगायचे, ‘उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर.’ बोटं कानाला लागली तर मूल भरती. नाही लागली तर पुढच्या वर्षी ये. लहानखुऱ्या चणीची कितीतरी मुलं मान वाकडी करकरून कान गाठायचा प्रयत्न करायची. त्या पिढीतली माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. ही गोष्ट सांगताना त्यांचा हात आपसूक डोक्यावर जातो.

आदल्या वर्षी पटावर साडेचार लाखांच्या आसपास मुलं होती. त्या एका वर्षात ती आठ लाखांच्या वर गेली. शिक्षक पुरेनात. कच्च्या तयारीचे तरुण वर्गावर उभे करावे लागले, दर्जा घसरला, पुष्कळ मुलं मधेच गळाली. हे सगळं खरं आहे. कोको उत्पादकांना बाजारभावापेक्षा कमी दर देऊन खरेदी मंडळानं जी शिल्लक जमवली, ती अशा खर्चांना कामी आली, म्हणजे शेतकऱ्यानं दोनदा पैसे मोजले, हेही खरं. पण त्याच शेतकऱ्याची मुलगी वाचायला शिकली.

[दृश्य: १९५९ चा प्रचार, मैदानावर उतरणारं हेलिकॉप्टर.]

१९५९ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरमधून देशभर प्रचार केला. उत्तरेनं मात्र साथ दिली नाही. स्वातंत्र्य आलं तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते. पश्चिम विभागाचं मुख्यपद त्यांच्याच पक्षाच्या सॅम्युएल अकिंटोला यांच्याकडे गेलं होतं. अकिंटोलांना केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांशी जुळवून घ्यायचं होतं. अवोलोवोंना विरोधातच राहायचं होतं, शिवाय पक्षाला लोकशाही समाजवादाकडे न्यायचं होतं. मे १९६२ मध्ये इबादानच्या विधानसभेत खुर्च्या फेकल्या गेल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. केंद्रानं आणीबाणी लावली. मग अवोलोवोंवर राजद्रोहाचा खटला भरला. खटला चालू असतानाच, जुलै १९६३ मध्ये, कायदा शिकून आलेला त्यांचा थोरला मुलगा सेगुन मोटार अपघातात गेला. सप्टेंबरमध्ये शिक्षा झाली, दहा वर्षं.

ते कलाबारच्या तुरुंगात असताना बाहेर दोन लष्करी उठाव झाले. ऑगस्ट १९६६ मध्ये नवे लष्करी राज्यकर्ते याकुबू गोवॉन यांनी त्यांची सुटका केली आणि पुढच्या वर्षी अर्थखातं त्यांच्या हाती दिलं.

[दृश्य: यादवी युद्धाची कृष्णधवल छायाचित्रं. संगीत नाही.]

इथे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वादाचं पान येतं, आणि ते झाकून पुढे जाता येणार नाही. बियाफ्रा म्हणजे देशातून फुटून निघालेला, मुख्यतः इग्बो लोकांचा पूर्व भाग. त्याच्याशी झालेल्या युद्धात देशाची तिजोरी त्यांनी भक्कम सांभाळली. पण बियाफ्राची कोंडी करणाऱ्या सरकारात ते होते, आणि त्या कोंडीत मुलं उपासमारीनं मेली. युद्ध संपल्यावर इग्बो खातेदारांची बँकेत कितीही रक्कम असो, हातात टेकवले गेले फक्त २० पौंड. इग्बो घरांमध्ये अवोलोवोंचं नाव आजही या २० पौंडांसह निघतं. पोराच्या फीचा हिशेब मांडणाऱ्या माणसाकडून हा हिशेब झाला, हे मला आजही पचत नाही.

[दृश्य: १९७८, पक्षाची सभा.]

सप्टेंबर १९७८ मध्ये लष्करी राजवटीनं पक्षांवर घातलेली बंदी उठली. एका दिवसाच्या आत अवोलोवोंनी ‘युनिटी पार्टी ऑफ नायजेरिया’ जाहीर केली. कार्यक्रम चार कलमी: सर्व स्तरांवर मोफत शिक्षण, मोफत आरोग्यसेवा, ग्रामीण भागाचा एकात्मिक विकास, सर्वांना रोजगार. १९७९ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी शेहू शगारी यांना सुमारे ५७ लाख मतं पडली, अवोलोवोंना सुमारे ४९ लाख. नियम असा होता, की विजेत्याला १९ पैकी दोन तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मतं हवीत. एकोणिसाचे दोन तृतीयांश म्हणजे बारा पूर्णांक दोन तृतीयांश! शगारींनी बारा राज्यं गाठली होती, तेराव्या कानो राज्यात त्यांना वीस टक्क्यांना जरा कमी मतं होती. सर्वोच्च न्यायालयानं ती पुरेशी धरली. अवोलोवोंच्या पाठीराख्यांना हा निकाल कधीच पटला नाही.

लागोस, ओगुन, ओयो, ओंडो, बेंडेल ही पाच राज्यं मात्र त्यांच्या पक्षाकडे आली, आणि तिथे फी बंद झाली. लागोसमध्ये पक्षाचे गव्हर्नर लतीफ जकांडे यांनी भराभर साध्या वर्गखोल्या उभ्या केल्या आणि पाळीपाळीनं भरणाऱ्या शाळा थांबवल्या. १९८३ मध्ये अवोलोवो पुन्हा हरले, त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी लष्करानं सत्ता घेतली. ९ मे १९८७ रोजी इकेन्नेतच त्यांचं निधन झालं.

[दृश्य: उत्तर नायजेरिया. भर सकाळी रस्त्यावर वाडगं घेतलेली मुलं.]

आज नायजेरियात नऊ वर्षांचं शिक्षण कायद्यानं मोफत आणि सक्तीचं आहे. तरीही शाळेबाहेर असलेल्या मुलांचा युनिसेफचा आकडा एक कोटीच्या वर आहे. त्यातली सर्वाधिक मुलं उत्तरेत आहेत, जिथे अवोलोवोंना ना कधी फारशी मतं मिळाली, ना राज्य करता आलं.